दक्षिणा अधिछात्रवृत्ती

दक्षिणा अधिछात्रवृत्ती किंवा दक्षिणा फेलोशिप ही महाराष्ट्रातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना गुणवत्तेच्या आधारावर सरकारी निधीतून दिली जाणारी शिष्यवृत्ती आहे. पेशवाईत श्रावण महिन्यात विद्वान ब्राह्मणांना दिल्या जाणाऱ्या दक्षिणेत तिचे मूळ आहे. ब्रिटिश राजवटीत या दक्षिणेचा निधी टप्प्याटप्प्याने शिक्षणाकडे वळवण्यात आला. मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेनंतर महाविद्यालयांतील हुशार विद्यार्थ्यांना त्यातून मासिक वेतन मिळू लागले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, पांडुरंग वामन काणे आणि इरावती कर्वे हे या अधिछात्रवृत्तीचे मानकरी होते. महाराष्ट्र शासनाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीच्या एका शिष्यवृत्तीला आजही हेच नाव आहे. सरकारी पैशातून गुणवत्तेचा गौरव करताना गुणवत्ता कोणाची मोजायची आणि दिलेली रक्कम शिक्षणाला पुरते का, हे दोन प्रश्न या अधिछात्रवृत्तीच्या इतिहासात सतत उपस्थित झाले आहेत.

संज्ञा

धार्मिक विधीनंतर पुरोहिताला किंवा विद्वानाला आदरपूर्वक दिले जाणारे द्रव्य म्हणजे दक्षिणा. ‘अधिछात्र’ हा इंग्रजी ‘फेलो’ या पदाचा शासकीय मराठी पर्याय आहे. महाविद्यालयाशी संलग्न राहून पुढील अध्ययन करणारा आणि त्यासाठी वेतन मिळवणारा विद्यार्थी, असा त्याचा अर्थ होतो. जुन्या दक्षिणा फेलोंना स्वतःच्या अभ्यासाबरोबर खालच्या वर्गांना शिकवण्याचे कामही करावे लागे. त्यामुळे हे पद विद्यार्थी आणि अध्यापक यांच्या मधले होते.

उगम

श्रावणमासातील दक्षिणेची प्रथा सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगाव येथे सुरू केली, असे मानले जाते. १७३१ साली डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे मारले गेल्यानंतर ही प्रथा पहिल्या बाजीरावाने पुण्यात चालू ठेवली. शास्त्री, पंडित व वैदिक यांची विद्वत्ता पाहून त्यांना मोठी दक्षिणा दिली जाई. इतर ब्राह्मणांना पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या ‘रमणा’ नावाच्या आवारात सरसकट दक्षिणा वाटली जाई. म्हणजे या दानाचे दोन भाग होते. एक विद्येची परीक्षा घेऊन दिलेला आणि दुसरा केवळ जातीच्या आधारावर दिलेला. पहिल्या भागातही परीक्षेला बसण्याचा अधिकार ब्राह्मणांपुरता मर्यादित होता.

१८१८ साली पेशवाईचा अस्त झाल्यावर दख्खनचा कारभार माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्याकडे आला. दक्षिणा एकदम बंद केल्यास पुण्यातील विद्वान वर्गात असंतोष पसरेल, हे ओळखून त्याने ती कमी रकमेत, वार्षिक ५०,००० रुपयांच्या मर्यादेत चालू ठेवली. या निधीचा उपयोग हळूहळू उपयुक्त विद्यांकडे वळवावा, असा त्याचा विचार होता. त्यानुसार ६ ऑक्टोबर १८२१ रोजी पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. ‘हिंदू कॉलेज’ या नावानेही ती ओळखली जाई. दक्षिणा निधीतूनच तिचा खर्च चाले. पुढे १८५१ साली ही पाठशाळा व पुण्यातील सरकारी इंग्रजी शाळा यांचे एकत्रीकरण होऊन ‘पूना कॉलेज’ झाले. १८६४ साली त्याचे नाव ‘डेक्कन कॉलेज’ असे ठेवण्यात आले.

१८४९ चा अर्ज

एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात सरकारने दक्षिणेच्या यादीत नवी नावे घेणे थांबवले. जुन्या धारकांच्या मृत्यूनंतर त्यांच्या वाट्याची रक्कम शिल्लक पडू लागली. या शिल्लक रकमेचे काय करावे, यावरून पुण्यात वाद उभा राहिला.

१८४९ साली गोपाळ हरी देशमुख उर्फ लोकहितवादी यांच्या पुढाकाराने ३९ सुशिक्षितांनी सह्या केलेला अर्ज मुंबईच्या गव्हर्नरकडे गेला. दक्षिणेच्या निधीतील काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा, अशी त्यांची मागणी होती. लोकहितवादींची ‘शतपत्रे’ याच सुमारास ‘प्रभाकर’ या साप्ताहिकातून प्रसिद्ध होत होती. अर्जामुळे सनातनी मंडळी संतप्त झाली आणि अर्जदारांवर बहिष्काराची भाषा सुरू झाली. सुधारकांच्या संरक्षणासाठी जोतीराव फुले आपल्या अनुयायांसह उभे राहिल्याचे त्यांच्या चरित्रात नमूद आहे.

सरकारने ही मागणी अंशतः मान्य केली आणि १८५१ साली ‘दक्षिणा प्राइझ कमिटी’ स्थापन झाली. मराठीतील स्वतंत्र व भाषांतरित ग्रंथांना बक्षिसे देणे हे तिचे काम होते. दक्षिणेचा अधिकार जन्मावरून न ठरता केलेल्या कामावरून ठरावा, हे तत्त्व यामुळे प्रथमच सरकारी व्यवहारात आले. मात्र निर्णय घेणारे कोण, हा प्रश्न शिल्लक राहिला. फुल्यांनी १८५५ साली लिहिलेले ‘तृतीय रत्न’ हे नाटक कमिटीने नाकारले. भटजींकडून होणारी शेतकऱ्याची फसवणूक आणि शिक्षणाची गरज हा त्या नाटकाचा विषय होता. समितीतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहामुळे ते नाकारले गेले, असा आरोप फुल्यांनी पुढे केला.

महाविद्यालयीन अधिछात्रवृत्ती

१८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. १८५९ साली झालेल्या विद्यापीठाच्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेत २१ विद्यार्थी उत्तीर्ण झाले. रानडे त्यांपैकी एक होते. विद्यापीठाच्या परीक्षेमुळे गुणवत्ता मोजण्याचे एक सामायिक माप उपलब्ध झाले आणि दक्षिणेचा निधी महाविद्यालयांतील हुशार विद्यार्थ्यांना मासिक वेतन देण्यासाठी वापरला जाऊ लागला.

अधिछात्रांच्या दोन श्रेणी होत्या. एल्फिन्स्टन महाविद्यालयात रानडे यांना कनिष्ठ अधिछात्र म्हणून दरमहा ६० रुपये आणि नंतर वरिष्ठ अधिछात्र म्हणून दरमहा १२० रुपये मिळत. त्या काळाच्या मानाने ही रक्कम मोठी होती. तिचे महत्त्व एका तुलनेवरून लक्षात येते. सुमारे पन्नास वर्षांनंतर त्याच महाविद्यालयात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांना बडोदा संस्थानाकडून मिळणारी शिष्यवृत्ती दरमहा २५ रुपये होती. अधिछात्राला नोकरी न करता अनेक वर्षे अभ्यास चालू ठेवता येई. रानडे १८६२ साली बी.ए., १८६४ साली एम.ए. आणि १८६६ साली एल्एल.बी. झाले. हा सलग अभ्यास या वेतनामुळे शक्य झाला.

निधी आणि विचारस्वातंत्र्य

सरकारी वेतनासोबत सरकारी अपेक्षाही येतात, याचे एक उदाहरण रानडे यांच्या विद्यार्थिदशेत घडले. एका निबंधात त्यांनी मराठ्यांच्या राज्यकारभाराची तुलना ब्रिटिशांच्या राज्यकारभाराशी केली आणि ती ब्रिटिशांना अनुकूल नव्हती. एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट हे रानडे यांच्या बुद्धिमत्तेचे चाहते होते. तरीही जे सरकार शिक्षण देते त्याचीच निंदा विद्यार्थ्याने करू नये, या भूमिकेतून त्यांनी रानडे यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद ठेवली. रानडे यांनी मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यास सोडला नाही. मराठी सत्तेच्या उदयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०० साली प्रसिद्ध झाला.

उल्लेखनीय अधिछात्र

रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे रानडे यांचे समकालीन. १८६२ साली मुंबई विद्यापीठाची बी.ए. पदवी मिळवणाऱ्या पहिल्या तुकडीत दोघांचाही समावेश होता. अधिछात्र असतानाच्या काळात भांडारकरांनी संस्कृतचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. पुढे ते भारतविद्येतील अग्रगण्य संशोधक म्हणून ओळखले गेले. पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था त्यांच्या नावाने १९१७ साली स्थापन झाली.

पांडुरंग वामन काणे यांना विसाव्या शतकाच्या आरंभी विल्सन महाविद्यालयात ही अधिछात्रवृत्ती मिळाली. विल्सन हे मिशनरी संस्थेचे महाविद्यालय असल्याने ही अधिछात्रवृत्ती सरकारी महाविद्यालयांपुरती मर्यादित राहिली नव्हती, हे यावरून दिसते. काणे यांनी पुढे धर्मशास्त्राचा पाच खंडांचा इतिहास लिहिला. १९६३ साली त्यांना भारतरत्न हा किताब देण्यात आला.

इरावती कर्वे यांनी १९२६ साली पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतली. त्यानंतर दक्षिणा अधिछात्रवृत्ती मिळवून त्यांनी मुंबई विद्यापीठात गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली समाजशास्त्राचा अभ्यास केला आणि १९२८ साली एम.ए. पदवी मिळवली. पुरुष विद्वानांना श्रावणात दिल्या जाणाऱ्या दानाचा निधी दोन शतकांच्या आत एका स्त्रीच्या समाजशास्त्रीय संशोधनाला उपयोगी पडला. १९३९ साली संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झालेल्या डेक्कन कॉलेजमध्ये त्यांनी दीर्घकाळ अध्यापन व संशोधन केले. त्या संस्थेचे मूळही १८२१ च्या दक्षिणा निधीतच आहे.

स्पर्धा आणि संधी : फुल्यांची टीका

विद्यापीठीय परीक्षेवर आधारलेली अधिछात्रवृत्ती नियमाने सर्व जातींना खुली होती. प्रत्यक्षात मात्र तिचे सुरुवातीचे बहुतेक मानकरी ज्या समाजात लेखन-वाचनाची परंपरा आधीपासून होती, त्याच समाजातून आले. या विसंगतीची नेमकी मांडणी जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात केली. केवळ स्पर्धेतून शिष्यवृत्त्या देण्याची पद्धत तत्त्वतः न्याय्य वाटली, तरी तिच्यामुळे इतर वर्गांत शिक्षणाचा प्रसार होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या वर्गांत शिक्षण अजून पोहोचलेले नाही, त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या ठेवाव्यात, अशी सूचना त्यांनी केली. शिक्षणावरील सरकारी खर्चाचा भार शेतसारा देणाऱ्या कष्टकरी वर्गावर पडतो आणि लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, हा त्यांच्या निवेदनातील मुख्य मुद्दा होता.

समांतर परंपरा

दक्षिणा अधिछात्रवृत्तीच्या जोडीने महाराष्ट्रात इतर प्रकारच्या शिष्यवृत्त्याही विकसित झाल्या.

खासगी देणगीतून : मुंबईचे दानशूर नागरिक जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाने मॅट्रिक परीक्षेत संस्कृत विषयात सर्वोच्च गुण मिळवणाऱ्यास शिष्यवृत्ती दिली जाऊ लागली. १९१२ साली ती चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांना मिळाली. ते पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर व केंद्रीय अर्थमंत्री झाले.

परदेशी शिक्षणासाठी : रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले. १८९९ साली त्यांनी गणितातील सीनियर रँग्लर हा बहुमान मिळवला.

संस्थानांकडून : बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी आंबेडकरांना प्रथम मुंबईत आणि १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. परदेशी शिष्यवृत्तीची रक्कम दरमहा साडेअकरा पौंड व मुदत तीन वर्षांची होती. परतल्यावर संस्थानाची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार त्यासाठी करावा लागला. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांनी वसतिगृहांवर भर दिला. गावातून शहरात आलेल्या विद्यार्थ्याची पहिली अडचण राहण्याची व जेवणाची असते, हे त्यांनी ओळखले होते.

गुणवत्ता व सामाजिक स्थिती एकत्र पाहणारी मोठी सरकारी योजना १९४४ साली आली. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य असताना केंद्र सरकारने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू केली. फुल्यांनी ६२ वर्षांपूर्वी केलेली मागणी अखिल भारतीय पातळीवर अशा रीतीने प्रत्यक्षात आली. ही योजना आजही चालू आहे.

सध्याची दक्षिणा शिष्यवृत्ती

‘राज्य शासनाची दक्षिणा अधिछात्र शिष्यवृत्ती’ या नावाने ही योजना महाराष्ट्र शासनाच्या उच्च शिक्षण संचालनालयामार्फत राबवली जाते. ठरावीक संस्थांत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या, महाराष्ट्रातील अधिवासी असलेल्या गुणवंत विद्यार्थ्यांसाठी ती आहे. शिष्यवृत्तीचा दर दरमहा २५० रुपये आहे.

अर्ज ‘महाडीबीटी’ या शासकीय संकेतस्थळावर केला जातो. विद्यार्थ्याने आधार क्रमांकाच्या साहाय्याने नोंदणी करायची, स्वतःची व अभ्यासक्रमाची माहिती भरायची आणि गुणपत्रिका, अधिवास प्रमाणपत्र यांसारखी कागदपत्रे जोडायची असतात. त्यानंतर महाविद्यालय अर्जाची छाननी करते आणि पात्र अर्ज संचालनालयाकडे पाठवते. मंजूर रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात थेट जमा होते. अर्जातील नाव, गुणपत्रिकेवरील नाव व बँक खात्यावरील नाव यांत फरक असल्यास अर्ज किंवा रक्कम अडकू शकते. त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी ही तपासणी करणे आवश्यक ठरते.

रकमेचा प्रत्यक्ष अर्थ उदाहरणावरून स्पष्ट होतो. नवी मुंबईतील घणसोली गावात राहणाऱ्या एखाद्या पदवीधर विद्यार्थिनीने दक्षिण मुंबईतील शासकीय संस्थेत एम.एस्सी.ला प्रवेश घेतला, तर तिला ठाणे–वाशी मार्गावरील घणसोली स्थानकातून वाशीला आणि तेथून हार्बर मार्गाने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला रोज जावे लागते. तिची संस्था योजनेत समाविष्ट असेल आणि तिची निवड झाली, तर वर्षाचे बाराही महिने धरले तरी तिला मिळणारी एकूण रक्कम ३,००० रुपये होते. प्रवास, पुस्तके व प्रयोगशाळेचा खर्च यांना त्यातून काही हातभार लागेल. परंतु शिक्षण चालू ठेवावे की नोकरी धरावी, या निर्णयावर तेवढ्या रकमेचा परिणाम होणे कठीण आहे. रानडे यांना मिळणाऱ्या ६० रुपयांचा परिणाम मात्र नेमका त्या निर्णयावर झाला होता.

अन्य सरकारी गुणवत्ता शिष्यवृत्त्या

आज महाराष्ट्रातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना उपलब्ध असलेल्या सरकारी गुणवत्ता शिष्यवृत्त्यांत केंद्र सरकारची महाविद्यालयीन व विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठीची योजना सर्वांत व्यापक आहे. २००८ साली सुरू झालेली ही योजना आता ‘पीएम-यूएसपी’ या छत्राखाली चालते. तिची ठळक वैशिष्ट्ये पुढीलप्रमाणे आहेत :

• देशभरात दरवर्षी ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात. त्यांपैकी निम्म्या मुलींसाठी असतात.
• बारावीच्या परीक्षेत आपल्या मंडळाच्या व शाखेच्या यादीत वरच्या २० टक्क्यांत असलेले विद्यार्थी अर्ज करू शकतात. यासाठी टक्केवारीऐवजी शतमक म्हणजे पर्सेंटाइल पाहिला जातो.
• विज्ञान, वाणिज्य व कला शाखांसाठी जागांचे प्रमाण ३ : २ : १ असे आहे.
• कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाख रुपयांपेक्षा अधिक नसावे.
• पदवीच्या पहिल्या तीन वर्षांसाठी वार्षिक १२,००० रुपये आणि पदव्युत्तर स्तरावर वार्षिक २०,००० रुपये मिळतात.
• नूतनीकरणासाठी वार्षिक परीक्षेत किमान ५० टक्के गुण व ७५ टक्के उपस्थिती आवश्यक असते.

टक्केवारी आणि शतमक यांतील फरक विद्यार्थ्यांच्या अनेकदा लक्षात येत नाही. ८० टक्के गुण म्हणजे शंभरपैकी ८० गुण. ८० शतमक म्हणजे परीक्षेला बसलेल्या शंभरांपैकी ८० जणांच्या पुढे असणे. निकाल चढा लागलेल्या वर्षी ८० टक्के गुण असूनही विद्यार्थी अपात्र ठरू शकतो. उलट अवघड परीक्षेत त्याहून कमी गुण असलेला विद्यार्थी पात्र ठरू शकतो.

मूलभूत व नैसर्गिक विज्ञानांचा अभ्यास करणाऱ्यांसाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती आहे. बारावीत मंडळाच्या वरच्या एक टक्क्यातील विद्यार्थ्यांना तिच्याखाली वार्षिक ८०,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. त्यात उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठीच्या २०,००० रुपयांचा समावेश आहे. राज्य शासनाची एकलव्य शिष्यवृत्ती पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी असून तिची रक्कम वार्षिक ५,००० रुपये आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती उत्पन्नावर आधारित शुल्क प्रतिपूर्तीची योजना आहे. पीएच.डी. करणाऱ्यांसाठी बार्टी, सारथी व महाज्योती या राज्य शासनाच्या स्वायत्त संस्था आपापल्या लक्ष्यगटांतील विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. एकाच वेळी एकापेक्षा अधिक शिष्यवृत्त्या घेण्यावर सामान्यतः निर्बंध असतो. त्यामुळे रक्कम, मुदत व नूतनीकरणाच्या अटी यांची तुलना करून निवड करणे विद्यार्थ्याच्या हिताचे ठरते.

महत्त्व

पेशवेकालीन दक्षिणा जन्म व विद्वत्ता पाहून दिली जाई. विद्यापीठकाळातील अधिछात्रवृत्ती परीक्षेतील क्रम पाहून दिली गेली. स्वातंत्र्योत्तर योजनांत परीक्षेतील क्रमाबरोबर कुटुंबाचे उत्पन्न, सामाजिक प्रवर्ग व लिंग यांचाही विचार होतो. लाभार्थ्यांचे वर्तुळ अशा रीतीने प्रत्येक टप्प्यावर रुंदावत गेले आणि फुल्यांनी विचारलेल्या प्रश्नाला बऱ्याच अंशी उत्तर मिळाले. रकमेच्या बाबतीत मात्र प्रवास उलट दिशेने झाला. आरंभीच्या मोजक्या अधिछात्रांना मिळणारे वेतन पूर्णवेळ अभ्यासाला पुरेसे होते. आजच्या दक्षिणा शिष्यवृत्तीची रक्कम प्रामुख्याने सन्मानाच्या स्वरूपाची आहे. ‘दक्षिणा’ हे नाव टिकून राहिल्यामुळे सुमारे तीनशे वर्षांच्या या बदलाची साखळी एकाच संज्ञेखाली पाहता येते. महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाच्या इतिहासात या अधिछात्रवृत्तीला त्यामुळे वेगळे स्थान आहे.